ढोक सरांचा समुद्र

बाबाराव ढोकांनी समुद्र पाहिलेला नव्हता. त्यांनी आयुष्यात पाहिलेलं सगळ्यात मोठं पाणी म्हणजे नागपूरचा अंबाझरी तलाव, आणि तोसुद्धा सासुरवाडीच्या सहलीत, डब्यांची पिशवी मांडीवर घेऊन, सगळ्यांच्या चपलांकडे लक्ष ठेवत. तरी लग्नाआधीपासून ते समुद्रावर कादंबरी लिहीत होते. तीत लाटा होत्या, गाज होती, माडांची सळसळ होती आणि पानापानावर पुळण होती. पुळण म्हणजे काय, असं बायकोनं, वच्छलाबाईनं, एकदा विचारलं, तेव्हा त्यांनी चष्मा कपाळावर सरकवून म्हटलं, ‘‘ते तुला नाही कळायचं.’’ आपल्यालाही ते नीटसं कळलेलं नाही, हे त्यांनी स्वतःलाही सांगितलं नव्हतं.

हे सगळं भिलाईत चाललं होतं. कारखान्याची दुसरी भट्टी नुकतीच पेटली होती. घराच्या उंबऱ्यापर्यंत मुरमाची लाल धूळ यायची, रस्त्यावरून रशियन साहेब टरबुजं काखोटीला मारून हिंडायचे, आणि जिथं काल शेत होतं तिथं आज सकाळी उठून पाहावं तर क्वार्टरांची रांग. ढोक सर मात्र लिहायला बसले की खिडकी लावून घेत. ‘‘या धुरळ्यात वाङ्मय नाही सुचत,’’ असं त्यांचं म्हणणं. खिडकी लावली की आत उकडायचं. मग घाम पुसत पुसत ते लिहायचे : ‘सागरावरून गार वारा येत होता.’

पोटासाठी ते कारखान्यातल्या शिकाऊ पोरांना ट्रेनिंग स्कूलमध्ये ड्रॉइंग शिकवत. बोल्ट वरून कसा दिसतो, बाजूनं कसा दिसतो, कापला तर कसा दिसतो. वर्गात शिरताना त्यांच्या हातात लाकडी कंपास असे, आणि तो ते राजदंडासारखा धरत.

त्यांना जिभा दोन होत्या. एक सभेची आणि एक नळावरची. सभेची जीभ ‘‘आपणांस विदित आहेच, बरं का,’’ अशी सुरू व्हायची, जणू पुण्याहून सकाळच्या गाडीनं उतरली आहे. नळावरची जीभ पाणी सुटलं की आपोआप बाहेर यायची : ‘‘ओ बाई, आमची बाल्टी पयले होती, सरकवली कावून?’’ एका जिभेला दुसरीची ओळख नव्हती. शाळेतल्या पोट्ट्यांना मात्र दोन्ही पाठ होत्या, आणि सर पाठमोरे झाले की कुणी ना कुणी बारीक आवाजात म्हणायचंच, ‘‘आपणांस विदित आहेच, आमची बाल्टी पयले होती.’’

सरांच्या नावावर एक कर्तृत्व जमा होतं, ते म्हणजे ‘अपुरी सभा’. ट्रेनिंग स्कूलच्या हॉलमध्ये महिन्याच्या अखेरीला मास्तर आणि विद्यार्थी एकत्र बसून आपापलं मराठी लिखाण वाचत. नियम सरांनीच केलेला : पुरं झालेलं काही वाचायचं नाही. ‘‘पुरं झालं की ते मेलं, बरं का! अपुरं आहे तोवर जिवंत!’’ हे सांगताना ते बोट वर करत. खरं कारण हॉलच्या पंख्यालासुद्धा माहीत होतं. सरांची कादंबरी पुरी होण्याचं लक्षण नव्हतं, आणि पुऱ्या झालेल्या गोष्टींशेजारी ती बसवली असती तर गरीब दिसली असती.

या नियमाखाली सगळ्यांचंच फावलं. केमिस्ट्रीच्या टिकाराम सरांच्या नाटकात नायक दार उघडतो. सभा सुरू झाल्यापासून तो दार उघडतोच आहे. दाराआड कोण उभं आहे ते टिकाराम सरांनी अजून ठरवलेलं नव्हतं, पण दार मात्र दर महिन्याला जास्त जास्त करकरत होतं.

दुसरा नियम आला तो तेजरामकडून. तेजराम हा पाटणकडच्या खेड्यातला छत्तीसगढी पोरगा, नागपूरवाल्या पोट्ट्यांच्या खोलीत राहून मराठी शिकलेला. आवाज क्रेनच्या भोंग्यासारखा. त्यानं सांगितलं, की आमच्याकडे आजी गोष्ट सांगते तेव्हा ऐकणाऱ्यांपैकी एकानं ‘हूं’ म्हणत राहायचं असतं. त्याला हुंकारू म्हणतात. हुंकारू थांबला की गोष्ट थांबली. आजी तशीच कूस बदलून झोपते.

सरांना हे फारच आवडलं. त्यांनी लगेच नियम करून टाकला : हुंकारू थांबला, की वाचणाऱ्यानं खाली बसायचं. स्वतःला कधी बसावं लागेल असं त्यांच्या मनातही आलं नाही. तेजराम ड्रॉइंगमध्ये कच्चा होता, आणि ड्रॉइंगचे मार्क सरांच्या हातात होते. त्यामुळे समुद्राची पहिली लाट फुटायच्या आतच तेजरामचा ‘हूं’ हजर असे. सर घरी येऊन सांगत, ‘‘आज काय दाद मिळाली म्हणून सांगू!’’ वच्छलाबाई पोळी लाटता लाटता म्हणे, ‘‘हूं.’’

एकाच माणसानं आजवर हूं म्हटलं नव्हतं. तो माणूस म्हणजे वच्छलाबाईचा थोरला भाऊ, नागपूरच्या एका शाळेचा हेडमास्तर, पुंडलिकराव. लग्नाच्या पंगतीतच त्यानं विचारलं होतं, ‘‘जवाईबापू काय करते?’’ कोणीतरी कौतुकानं सांगितलं, की नक्शे काढतात आणि कादंबरी लिहितात. पुंडलिकरावानं जिलबीचा तुकडा मोडला आणि म्हटलं, ‘‘नक्शे काढते ते बरं हाय.’’ सगळी पंगत हसली. ते हसणं ढोक सरांच्या कानात अडकलं ते अडकलंच. पुढे दर दिवाळीला पुंडलिकराव पानाला चुना लावत विचारी, ‘‘मंग, झाली काय कादंबरी?’’ आणि आजूबाजूच्या मेहुण्या पदरात तोंड घालत. एकदा तरी या माणसानं मान हलवावी, एवढ्यासाठीच सर लिहीत होते. समुद्र, पुळण, माड, सगळं या एका मानेसाठी.

या दिवाळीला सरांचा तोल गेला. ‘‘आमच्या सभेत मी वाचू लागलो की हॉल दुमदुमतो. येऊन पाहा एकदा!’’ असं ते बोलून बसले. पुंडलिकरावानं चुन्याची डबी बंद केली. ‘‘येतो,’’ तो म्हणाला. ‘‘एकदा आयकूनच घेतो.’’

जानेवारीतल्या एका रविवारी तो येणार असं ठरलं. दुपारच्या गाडीनं यायचं, सभा ऐकायची, सकाळी परत. आणि नेमका त्या संध्याकाळी हॉल रशियन सिनेमासाठी दिलेला. सरांनी सभा दुपारी ठेवली. तेजरामचा चेहरा उतरला.

‘‘सर, दिवसा हुंकारू नाही चालत.’’

‘‘का रे बाबा?’’

‘‘माझी आजी सांगते ना. दिन म कहानी कहे ले ममा ह रद्दा भुला जाथे. दिवसा गोष्ट सांगितली का मामा वाट चुकते सर.’’

सर इतके हसले की कंपास टेबलावर ठेवावा लागला. ‘‘अरे, हे पोलादाचं युग आहे, बरं का! बाहेर भट्ट्या पेटल्या आहेत आणि तू मामाची वाट काय सांगतोस?’’

घरी तर याहून वाईट. वच्छलाबाईनं हातातलं उलथनंच खाली ठेवलं. ‘‘काहो, आपल्या लेकराचा, हिराचा, मामा येऊन राहिला, अन् त्याच दिवशी तुमी भर दुपारी गोष्ट लावता? आमच्याकडंही नाही सांगत कोणी दिवसा. रात्री कावून नाही वाचत?’’

‘‘ती गोष्ट नाही, कादंबरी आहे,’’ सर म्हणाले. ‘‘मामाची वाट गोष्टीनं चुकते. कादंबरीनं नाही.’’

आणि स्टेशनवर घ्यायला कोणी यायचं नाही, असं पुंडलिकरावानं आधीच बजावलं होतं. ‘‘मी हेडमास्तर आहो. सेक्टर, रस्ता, क्वार्टर, एवढं सांगा. बाकी मले सापडते.’’

रविवारी सरांनी गणपती मंडळाचा भोंगा मागून आणला, हॉलच्या छपरावर दोन्हीकडे तोंडं करून बसवला आणि त्याला मोटारीची बॅटरी जोडली. सबंध सेक्टरला कळावं, हा हेतू. पुढच्या रांगेत मधोमध एक हाताची खुर्ची ठेवली, तिच्यावर घरची उशी. वच्छलाबाई घरी थांबली होती. भाऊ आला की त्याला पाणी देऊन ती हॉलवर आणणार होती.

टिकाराम सरांनी दार उघडलं. ते करकरलं. हुंकारू थांबला, ते बसले. मग ढोक सर माईकपुढे आले. गळा साफ केला. भोंग्यातून तो गळा दोन सेक्टर ऐकू गेला.

‘‘आपणांस विदित आहेच, मी, बाबाराव ढोक, गेली अनेक वर्षे एका कादंबरीच्या रचनेत निमग्न आहे. तिचाच काही अंश आज आपणांपुढे...’’

त्यांनी दाराकडे पाहिलं. दारात कोणी नव्हतं. उशी रिकामी. समुद्र असा उशीपुढे ओतून वाया घालवायचा? सरांनी माईकवर पंजा ठेवला आणि ते नळावरच्या जिभेनं फिसकारले, ‘‘रामटेक्या, ये लवकर! तूच वाच पयले. मी म्हणत नाही तोवर थांबू नको.’’

देवाजी रामटेके हा फिटरच्या वर्गातला पोरगा, बाप रेल्वेत, घर चरोद्याला. सर त्याच्या लेखनाला ‘रद्दी’ म्हणत. त्यानं स्वतःचं नाव वगैरे काही सांगितलं नाही. उभा राहिला आणि सुरूच झाला. भोंग्यातून त्याचा आवाज जो निघाला तो सरांच्या आवाजासारखाच निघाला. त्या भोंग्यातून सगळ्यांचाच आवाज पडसं झाल्यासारखा यायचा.

‘‘प्रकरण पहिलं. चिमणीमागचा खून. लोहनगर कारखान्याच्या चिमणीमागं फोरमन गुलाटी पालथा पडला होता. पाठीत काहीतरी चमकत होतं. इन्स्पेक्टर जवळ गेला. तो होता कंपास!’’

‘‘हूं!’’ तेजराम ओरडला. दिवस आहे हे तो विसरला.

‘‘गुलाटीच्या मुठीत एक बटन होतं. हे बटन कोणाच्या कोटाचं? कँटीनच्या आचाऱ्याला कोट नव्हता. क्रेनवाल्याला होता, पण त्याला बटनंच नव्हती!’’

‘‘हूं! हूं!’’ आता सगळा हॉल हुंकारत होता. टिकाराम सरसुद्धा. सरांनी कपाळाला आठ्या घातल्या. हे वाङ्मय? ना निसर्ग, ना मन, ना एक उपमा! पण दार रिकामंच होतं. देवाजी दम घ्यायला थांबला की सर हात गोल गोल फिरवून खुणावत : चालू दे, चालू दे. लिहिलेलं संपलं. देवाजीनं कागद खिशात घातला आणि तोंडानंच पुढे सांगायला लागला. दुसरा खून झाला. रशियन दुभाषी गायब झाला. कोळशाच्या ढिगातून हात वर आला. सर खुणावतच होते. शेवटी देवाजीच दमला. ‘‘आणि इन्स्पेक्टर म्हणाला, खुनी याच खोलीत आहे! अपुरं,’’ असं म्हणून तो घटाघटा पाणी प्यायला.

आता हॉल उठायच्या बेतात होता. सर धावत माईकपाशी गेले. ‘‘आपणांस...’’ भोंग्यातून ‘आप’ एवढंच गेलं आणि मग खर्र झालं. बॅटरी बसली होती. ती सगळी चिमणीमागच्या खुनानं खाल्ली होती.

सर तोंडानंच वाचू लागले. ‘‘सागराच्या निळ्या निळ्या निळाईवर सांजेची सोनेरी सोनाई पसरली होती. पुळणीवर पुळण निजली होती. माधवीने सागराकडे पाहिले. सागराने माधवीकडे पाहिले.’’

‘‘हूं,’’ तेजराम म्हणाला. ड्रॉइंगचा हूं होता तो.

‘‘एक लाट आली. ती गेली. दुसरी आली.’’

‘‘हूं...’’

‘‘तीही गेली. माधवीचे मन म्हणाले, लाटांनो, कुठून येता?’’

काही नाही. सरांनी वर पाहिलं. तेजराम दाराकडे पाहत होता, तोंड उघडं, डोळे पांढरे. ‘‘सर,’’ तो हळूच म्हणाला, ‘‘मामाजी नाही आले ना अजून?’’

‘‘हूं म्हण!’’ सर नळावरच्या जिभेत गरजले.

‘‘नाही सर. मार्क कापा. कोणाचा मामा हाय तो, पाप मले लागन.’’

मागून कुणीतरी पुण्याच्या सुरात म्हटलं, ‘‘नियम, बरं का!’’ हॉल फुटला. सर हातातल्या लाटेसकट खाली बसले, घाईत त्या उशीच्याच खुर्चीवर.

घरी जाताना मात्र त्यांचं मन हलकं होत गेलं. पुंडलिकराव आला नाही, म्हणजे पुंडलिकरावानं पाहिलं नाही. वळणावळणावर ते वाक्य घासूनपुसून घेत होते : ‘हॉल दुमदुमला. हॉल नुसता दुमदुमला.’ दारात वच्छलाबाई कमरेवर हात देऊन उभी होती.

‘‘दादा कुठं हाय?’’

‘‘म्हणजे घरी नाही?’’

‘‘घरी असता तं तुमाले कावून विचारलं असतं? वाचली ना दिवसा गोष्ट! झाला ना मामा गायब! मी सांगून सांगून थकली. म्हणे, कादंबरीनं नाही चुकत!’’ पाच वर्षांच्या हिरानं मामा गायब ऐकून भोकाड पसरलं.

तेवढ्यात सायकलची घंटी वाजली. एक दांडगा सरदारजी सायकल हाणत आला आणि कॅरिअरवर, टोपी सावरत, पाय अधांतरी धरून, नागपूरचे हेडमास्तर बसलेले.

झालं होतं असं. पुंडलिकरावाला रस्ता बरोबर सापडला, क्वार्टरचा नंबरही बरोबर सापडला, दारापुढं बाल्टीसुद्धा तशीच होती. सेक्टर तेवढा दुसरा होता. दार वाजवल्यावर वच्छलाऐवजी सरदारजी निघाला. त्यानं पाहुण्याला खाटेवर बसवलं, ताक पाजलं, पराठे खाऊ घातले. आणि तिथंच, खाटेवर बसल्या बसल्या, भोंगा ऐकू आला. हॉल शोधायला पुंडलिकराव उठलाही होता, पण भोंग्याला तोंडं दोन. आवाज एकदा इकडून यायचा, एकदा तिकडून. म्हणून तो परत खाटेवर येऊन बसला.

सर उंबऱ्यातच गोठले. ‘‘आपण... आपण ऐकलंत?’’

पुंडलिकराव सायकलवरून उतरला. त्यानं सरांचे दोन्ही खांदे धरले. आणि मान हलवली. वर-खाली, चांगली दोनदा.

‘‘जवाईबापू, मी तुमाले नक्शेवाला समजत होतो. मले माफ करा. काय लेखणी हाय! भोंग्यात तुमी आपलं नाव सांगतलं अन् लगेच तो गुलाटी पालथा पडला. माझ्या हातातलं ताक हिंदकळलं! हा सरदारजी, याले मराठी नाही येत. मी एकेक वाक्य हिंदीत करून सांगतलं, तं हा म्हणते, पंडितजी, रुको मत!’’

सरदारजीनं हात जोडले. ‘‘कमाल कर दिया, ढोक साब.’’

पंगतीपासून ज्या मानेची वाट पाहिली ती मान समोर हलत होती. ‘ते माझं नाही, ती रद्दी आहे, माझा समुद्र आहे,’ एवढं बोलायला सरांनी तोंड उघडलंही. पण सभेची जीभ आली नाही आणि नळावरची जीभ म्हणाली, ‘‘बसा ना, चहा घ्या.’’

वच्छलाबाईनं कानाशी येऊन विचारलं, ‘‘समुद्र कुठं गेला?’’

‘‘चहा टाक,’’ सर म्हणाले.

‘‘पण जवाईबापू,’’ पुंडलिकरावानं चुन्याची डबी काढली, ‘‘खुनी कोण?’’

‘‘ते... अपुरं आहे अजून.’’

‘‘लिहायचं अपुरं असन. तुमाले तं माहीत असन का नाही? लेखक कोण हाय, तुमी का मी?’’ सरदारजीही सायकल टेकवून आत आला आणि पाटावर बसला. दोघं सरांकडे पाहू लागले. ‘‘सकाळची गाडी गेली तं गेली. खुनी कळल्याबिगर मी काही हालत नाही.’’

रात्रभर सर जांभया देत राहिले आणि पाहुण्यांना झोपेचं कारण सांगत राहिले. सकाळी फिटरच्या वर्गात शिरताना त्यांनी कंपास पाठीमागे धरला होता. देवाजी कानशीनं लोखंड घासत होता. सर त्याच्या बाजूला जाऊन उभे राहिले आणि इकडेतिकडे पाहून म्हणाले, ‘‘रामटेके, तो खून कोणी केला?’’

कानस थांबली. ‘‘सर, ते तं रद्दी हाय ना?’’

‘‘आहे, आहे. पण केला कोणी?’’

‘‘अपुरं हाय सर. नियम तुमचाच. पुरं झालं का मेलं, बरं का!’’ ते ‘बरं का’ असं हुबेहूब आलं की दोन बाकड्यांपलीकडचे पोट्टे हसू दाबत खाली बसले.

‘‘देवाजी, बाबा,’’ सरांची नळावरची जीभ काकुळतीला आली, ‘‘घरी साळा बसून हाय. सांगून दे ना.’’

देवाजीनं सरांकडे नीट पाहिलं. कोटाकडे पाहिलं. कोटाचं वरून दुसरं बटन तुटलेलं होतं. मग पाठीमागून डोकावणाऱ्या कंपासाकडे पाहिलं.

‘‘मले खुद्द नव्हतं माहीत सर,’’ तो म्हणाला. ‘‘पण आता समजलं. ड्रॉइंग मास्तर.’’

दुपारी पुंडलिकराव अंगणात खाटेवर पान लावत होता. शेजारी सरदारजी. वच्छलाबाई दारात. सरांनी कोटाच्या तुटल्या बटनाच्या जागेवर हात ठेवला आणि आपल्या कादंबरीचा शेवट पहिल्यांदाच कुणाला तरी सांगितला.

‘‘ड्रॉइंग मास्तर,’’ ते म्हणाले.

पुंडलिकरावानं पान तोंडात घातलं, सरांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि समाधानानं मान हलवली.

‘‘मले तं पयल्यापासूनच त्याच्यावर शक होता.’’